दगडाचें मूळ आणि कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपल्याकडे वडीलधारीं माणसें सांगत आलीं आहेत. दगडाविषयीं मात्र अशी मनाई कोणीं केलेली ऐकिवांत नाहीं. उलट, ज्याचें मूळ शोधल्यावांचून कूळ ठरतच नाहीं असा पदार्थ म्हणजे दगड होय. असें असतां आपल्या सुशिक्षित घरांतून त्याची जेवढी उपेक्षा होते तेवढी दुसऱ्या कशाची होत असेल असें वाटत नाहीं. 'दगड' हा शब्द आपण मुलाला बोल लावतांना वापरतों. आणि तोच मुलगा शाळेंत अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित अशीं खडकांचीं तीन नांवें घोकून पुरे गुण मिळवून आला, म्हणजे आपल्याला समाधान वाटतें. पण त्यालाच जर विचारलें कीं, बाळ, आपल्या घरांतला पाटा या तिहींपैकीं कोणत्या कुळांतला, पायांखालची शहाबादी फरशी कोणत्या, आणि देवघरांतला शाळिग्राम कोणत्या, तर तो बहुधा वडिलांच्या तोंडाकडे पाहील, आणि वडील वर्तमानपत्र थोडें अधिक वर धरतील.

आतां कोणी म्हणेल कीं, संसारी माणसाला या ज्ञानाचा उपयोग काय? ओट्याचा दगड घेतांना, गांवीं विहीर काढतांना, कोंकणांत घर बांधतांना दगडाशीं गांठ पडतेच, आणि तेथें अज्ञानाची किंमत रोख मोजावी लागते. त्याचें एक उदाहरण आम्ही पुढें देणारच आहों. तूर्त कूळ ठरवावयाचें कसें, तें पाहूं.

दगडाचें कूळ रंगावरून ठरत नाहीं, वजनावरून ठरत नाहीं आणि बाजारांतल्या नांवावरून तर मुळींच ठरत नाहीं. पाटा काळा आणि कडप्पाहि काळा. पण पाटा अग्नीच्या पोटीं जन्मला आणि कडप्पा पाण्याच्या. गारगोटी पांढरी आणि मकराण्याचा संगमरवरहि पांढरा. पण गारगोटीनें पोलादाची ठिणगी पडते, आणि संगमरवरावर साध्या सुरीचा ओरखडा उठतो. ओट्यासाठीं 'काळा ग्रॅनाइट' म्हणून जो दगड विकला जातो तो भूशास्त्रज्ञाच्या लेखीं पुष्कळदां ग्रॅनाइट नसतोच. तो डोलेराइट किंवा गॅब्रो या जातीचा असतो. शास्त्रज्ञ एकच प्रश्न विचारतो : हा दगड कशापासून, कोठें आणि कसा झाला? माणसाची योग्यता जन्मावरून ठरविणें हा अन्याय होय. दगडाची जात मात्र जन्मावरूनच ठरते, आणि तीहि कायमची नसते हें पुढें दिसून येईल.

पाटा, वरवंटा, जातें, उखळ हीं महाराष्ट्रांतल्या जुन्या घरांतलीं उपकरणें बहुधा काळ्या पाषाणाचीं, म्हणजे बेसाल्टचीं असत. हा पाषाण सुमारे ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं द्रवरूप होता. त्या काळीं या भूभागांत जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून ११०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला शिलारस बाहेर पडून पुराच्या पाण्यासारखा पसरला. चित्रांत दाखवितात तसला शंकूच्या आकाराचा एकच एक ज्वालामुखी येथें नव्हता. एक थर निवावा, त्याच्या पाठीवर पुनः दुसरा यावा, अशा रीतीनें थरांवर थर चढत गेले. आज ते सुमारे पांच लक्ष चौरस किलोमीटर प्रदेशावर आढळतात आणि महाराष्ट्राचा जवळजवळ चार-पंचमांश भाग त्यांनीं व्यापिला आहे. १,६४६ मीटर उंचीचें कळसूबाईचें शिखर अशा थरांचेंच आहे. घाटांतून जातांना कड्यांवर एकावर एक प्रचंड पायऱ्या दिसतात त्या याच. आणि म्हणूनच या खडकाला 'ट्रॅप' हें नांव पडलें, कारण स्वीडिश भाषेंत 'ट्रॅपा' म्हणजे जिना. वेरूळचें कैलास लेणें याच थरांत वरून खालीं कोरीत नेलेलें आहे.

शिलारस निवून झालेले ते सारे अग्निजन्य खडक. पण त्यांतहि दोन पोटजाती आहेत, आणि त्यांचा भेद आमच्या वाचकभगिनींना एका वाक्यांत समजेल. साखरेचा पाक सावकाश, न हालवितां मुरूं दिला तर खडीसाखरेचे ठळक खडे धरतात. तोच घोटून घाईनें आळविला तर बारीक रवा होतो. शिलारसाचेंहि असेंच आहे. तो जमिनीवर येऊन हवेंत लवकर निवाला, तर त्याचे स्फटिक इतके बारीक होतात कीं डोळ्यांना वेगळे दिसत नाहींत, हा बेसाल्ट. तोच जमिनीखालीं कित्येक किलोमीटर खोल अडकून लक्षावधि वर्षें हळूहळू निवाला, तर स्फटिक वाटाण्याएवढे वाढतात. गॅब्रो हा असा. ग्रॅनाइटहि असाच खोल जन्मतो, मात्र त्याचा शिलारस मुळांतच निराळ्या घटकांचा. हंपीच्या परिसरांतले अजस्र गोल धोंडे किंवा तंजावरचें बृहदीश्वराचें मंदिर पाहिलेल्यांनीं तो ओळखावा : त्यांत पारदर्शक गारेचे कण, गुलाबी-पांढऱ्या फेल्स्पारचे तुकडे आणि अभ्रकाची चमक स्पष्ट निरनिराळी दिसते. तात्पर्य, दाण्याच्या आकारावरून दगड किती सावकाश निवाला तें कळतें.

पाट्याला टांकी लावणाऱ्या बाईच्या हाताखालीं कधीं कधीं दगडांत पांढरे ठिपके उमटतात, तेहि अर्थशून्य नाहींत. शिलारसांत वायूचे बुडबुडे असतात. दूध उतूं येतांना फेस वर यावा तसे ते थराच्या माथ्याकडे जमतात, आणि रस घट्ट झाला कीं त्यांचीं छिद्रें मागें राहतात. पुढें झिरपणाऱ्या पाण्यानें त्या छिद्रांत गारगोटी, झिओलाइट इत्यादि खनिजें आणून बसविलीं. पुणें, नाशिक, जळगांव या बाजूंच्या खाणींतून निघालेले असे स्फटिक जगांतल्या मोठमोठ्या संग्रहालयांतून मांडलेले आहेत. वाचकांनीं हीं छिद्रें ध्यानांत ठेवावीं. विहिरीच्या प्रकरणीं त्यांचें काम पडणार आहे.

दुसरें कूळ स्तरितांचें. पावसाळ्यांत गढूळ पाण्याची घागर रात्रभर ठेवून सकाळीं पाहिली, तर तळाशीं आधीं जाड वाळू, तिच्यावर बारीक रेती आणि सर्वांत वर मऊ गाळ बसलेला दिसतो. पृथ्वीच्या पाठीवर हेंच काम नद्या करितात. ऊन, पाऊस आणि झाडांचीं मुळें मोठमोठ्या खडकांचा चुरा करितात. नदी तो चुरा उचलते, आणि वेग मंदावला कीं खालीं टाकते. वर्षानुवर्षें थर सांचतात, वरच्या ओझ्यानें खालचे दबतात, आणि पाण्यांत विरघळलेला चुना किंवा गार त्यांच्या कणांमध्यें शिरून त्यांना सांधतो. दिल्लीचा लाल किल्ला आणि फत्तेपूर शिक्री हीं ज्या तांबड्या दगडांचीं बांधलेलीं आहेत तो दगड म्हणजे मुळांत अशी सांधली गेलेली वाळूच होय.

पण स्तरित खडक केवळ चुऱ्याचेच होतात असें नाहीं. समुद्रांतल्या प्राण्यांचीं कवचें तळाशीं सांचून, किंवा पाण्यांतला चुना आपोआप खालीं बसून, चुनखडीचा खडक होतो. आपल्या घरांतली शहाबादी फरशी ती हीच. लिंबाचा रस किंवा चिंचेचें पाणी सांडलें कीं फरशीवर डाग पडून तिची तकाकी जाते, ही तक्रार प्रत्येक घरांत आहे. तें शास्त्राच्या भाषेंत आम्लानें चुना खाल्ल्याचें लक्षण होय. चंद्रपूरकडचा दगडी कोळसा हा दलदलींत गाडल्या गेलेल्या अरण्यांचा अवशेष. आणि उपवासाच्या फराळांत पडणारें सैंधव हाहि एक खडकच आहे. आज पाकिस्तानांत असलेल्या खेवड्याच्या खाणींतलें सैंधव पन्नास कोटि वर्षांहून अधिक जुन्या, आटून गेलेल्या समुद्राचें मीठ आहे. सिंधूच्या मुलुखांतून येतें म्हणून तें सैंधव.

या कुळाचा सर्वांत मोठा मान देवघरांत आहे. शाळिग्राम नेपाळांतील काळी गंडकीच्या पात्रांत सांपडतो. त्याच्यावरचें चक्र हें अमोनाइट नांवाच्या, शंखासारख्या कवचाच्या समुद्रवासी प्राण्याचा ठसा आहे. तो प्राणी सुमारे पंधरा कोटि वर्षांपूर्वीं समुद्राच्या चिखलांत गाडला गेला, चिखलाचा दगड झाला, आणि भारताचा भूभाग उत्तरेकडच्या भूखंडावर रेटला गेला तेव्हां समुद्राचा तो तळ वर उचलला जाऊन हिमालयाचा भाग बनला. गंडकीनें तो पुनः कोरून बाहेर काढला. हा प्राणिवंश पृथ्वीवरून नाहींसा झाला तो सुमारे ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं, म्हणजे आपला सह्याद्रि शिलारसाचे थर अंगावर घेत होता त्याच युगांत. त्या प्रलयाचें मुख्य कारण मेक्सिकोच्या बाजूस येऊन आदळलेली प्रचंड अशनि, हें आज बहुतेकांना मान्य आहे. दक्षिणेंतल्या शिलारसाच्या पुरानेंहि त्यास किती हातभार लाविला, यावर शास्त्रज्ञांत अद्याप वाद चालतो. एकाच घरांत, भिंतीच्या एका बाजूला पाटा आणि दुसऱ्या बाजूला शाळिग्राम, हे दोघे त्या युगाचे साक्षी म्हणून बसलेले आहेत. हें जाणल्यानें पूजेंत उणें येतें असें आम्हांस वाटत नाहीं; गंध लावतांना हात क्षणभर अधिक आदरानें थांबेल, एवढेंच.

तिसरें कूळ रूपांतरितांचें. कणीक तव्यावर भाजली म्हणजे पोळी होते. ती वितळत नाहीं. पण पुनः तिची कणीकहि होत नाहीं. त्याचप्रमाणें एखादा खडक पृथ्वीच्या पोटांत खोल दाबला गेला, तापला, पण वितळला नाहीं, तर त्याच्यांतलीं खनिजें जागच्या जागीं नव्यानें जुळतात आणि नवाच दगड तयार होतो. चुनखडीचा संगमरवर होतो. ताजमहालाला लागलेला मकराण्याचा दगड हा असा. वाळूच्या दगडाचा क्वार्ट्झाइट होतो. मातीच्या मऊ दगडाची शाळेंतली पाटी होते. पाटीचे पातळ पापुद्रे सुटतात याचें कारण असें कीं, दाबाखालीं तिच्यांतले अभ्रकासारखे चपटे कण सारे एका दिशेनें आडवे झालेले असतात. नागपूर-भंडाऱ्याकडे ज्या मँगनीजच्या खाणी आहेत त्याहि याच कुळांतल्या खडकांत. तेव्हां पाटा अग्नीचा आणि पाटी दाबाची, एवढें जरी मुलांनीं लक्षांत ठेविलें तरी पुष्कळ झालें.

हें सारें आज आम्ही इतक्या सहजपणें लिहितों. पण तें ठरावयास मोठा वाद व्हावा लागला. जर्मनींतल्या फ्रायबर्ग येथें १७७५ पासून शिकविणारा आब्राहाम वेर्नर याचें मत असें कीं, ग्रॅनाइट आणि बेसाल्टसुद्धां आद्य महासागराच्या पाण्यांतूनच खालीं बसले. त्याच्या शिष्यांनीं तें मत युरोपभर पसरविलें. उलट एडिंबरोचा जेम्स हटन यानें १७८५ त तेथील रॉयल सोसायटीपुढें आपला सिद्धान्त मांडला : पृथ्वीच्या पोटांतली उष्णता खडक घडविते व वर उचलते, आणि पाणी ते झिजवितें, हें चक्र अखंड चालतें. त्याच वर्षीं स्कॉटलंडांतल्या ग्लेन टिल्टच्या दरींत ग्रॅनाइटच्या शिरा दुसऱ्या खडकांत घुसलेल्या त्यानें पाहिल्या. जें दुसऱ्यांत घुसतें तें एके काळीं पातळ आणि मागाहून आलेलें असलें पाहिजे, हें उघड होतें. प्रतिपक्षी म्हणत, वितळलेला दगड निवला तर कांच होईल, बेसाल्ट कसा होईल? हटनचा स्नेही सर जेम्स हॉल यानें १७९८ त भट्टीमध्यें तसला दगड वितळवून दाखविला : झटकन निवविला तर कांच झाली, सावकाश निवविला तर कणीदार दगड परत मिळाला. पुढें त्यानें बंदुकीच्या नळींत चुनखडी कोंडून तापविली आणि संगमरवरासारखा पदार्थ मिळविला. 'रूपांतरित' या अर्थाचा शब्द १८३३ त चार्ल्स लायेल यानें रूढ केला. वाद शब्दांनीं मिटला नाहीं. तो शिरा पाहून आणि भट्टी पेटवून मिटला, हें मुलांना आवर्जून सांगण्यासारखें आहे.

तीन कुळें ठरलीं म्हणून प्रत्येक दगड मुकाट्यानें आपापल्या पंगतींत बसतो असें मात्र नाहीं. कोंकणांतला जांभा हा मूळच्या खडकाचा ऊन-पावसानें कुजून, लोह व ॲल्युमिनियम यांचीं संयुगें तेवढीं मागें उरून झालेला दगड. तो ओला असतां कुऱ्हाडीनें कापतां येतो आणि हवा लागली कीं कठीण होतो. फ्रान्सिस ब्यूकॅनन यानें मलबारांत त्याच्या विटा पाडतांना पाहून, १८०७ त प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनांत, लॅटिन भाषेंतल्या विटेच्या शब्दावरून त्यास 'लॅटेराइट' म्हटलें. तसेंच कलकत्त्याच्या जॉब चार्नॉकच्या थडग्याचा दगड पाहून टी. एच्. हॉलंड यानें १८९३ त मद्रासकडच्या त्या जातीच्या खडकाला 'चार्नोकाइट' हें नांव दिलें. पण तो अग्निजन्य म्हणावा कीं रूपांतरित, यावर शास्त्रज्ञ पुढें कित्येक वर्षें भांडले. शिवाय कूळ बदलतेंहि. आजचा सह्याद्रि झिजून त्याचा गाळ समुद्राच्या तळाशीं चालला आहे. तो उद्यां स्तरित होईल, परवां दाबानें रूपांतरित होईल, आणि वितळला तर पुनः अग्निजन्य. फक्त हें 'उद्यां' आणि 'परवां' कोट्यवधि वर्षांचें आहे.

आतां वचन दिल्याप्रमाणें विहिरीचें उदाहरण. आमच्या परिचयाच्या एका एकत्र कुटुंबाचा घाटावर मळा आहे. जुनी विहीर माघांतच तळ दाखवूं लागली, तेव्हां घरच्या कर्त्या पुरुषांनीं पाणाड्या बोलावून वरच्या माळावर विंधणविहीर घेतली. फुफाटाच निघाला. मग आणखी खोल, मग दुसरी जागा, मग तिसरी. तीन विहिरी कोरड्या गेल्या, सोसायटीचें कर्ज झालें, आणि चौथीसाठीं घरांतलें सोनें मोडण्याची गोष्ट निघाली. तेव्हां भूशास्त्राची पदवी घेतलेली धाकटी सून म्हणाली, "मामंजी, चौथी घेण्यापूर्वीं एकदां जुन्या विहिरींत उतरून पाहूं या का?" मामंजींना तें फारसें रुचलें नाहीं; पण सासूबाईंनीं बांगड्यांवरून हात फिरवून "पाहूं द्या तिला" म्हटलें, आणि प्रश्न मिटला.

सून विहिरींत उतरली आणि भिंत वाचीत खालीं गेली. वर माती, मग मुरूम, मग अखंड काळा पाषाण, आणि त्याच्याखालीं तळाजवळ छिद्रांनीं भरलेला, जाळीदार असा जुन्या प्रवाहाचा माथा. ओल दिसत होती ती फक्त त्या जाळीदार थराला आणि मुरमाच्या बुडाला. पण कित्येक वर्षांच्या गाळानें तो थर अर्धा बुजून गेला होता. अखंड पाषाण पाणी धरीत नाहीं. पाणी राहतें तें कुजलेल्या मुरमांत, भेगांत आणि छिद्रें मोकळीं असलेल्या थरांत. माळावरच्या तिन्ही विहिरींतून निघालेली भुकटी तिनें चाळून पाहिली. एक तर ती अखंड पाषाणाची होती, नाहीं तर जिचीं छिद्रें पांढऱ्या खनिजांनीं गच्च भरलेलीं अशी. तेथें आणखी शंभर फूट खोल जाऊनहि पाण्याची आशा धरण्यास कारण नव्हतें. दक्षिणेंतले थर बहुतेक आडवे असतात, म्हणून तोच जाळीदार थर ओढ्यांत वरच्या अंगाला कोठें उघडा पडला असावा असा तिनें तर्क केला, आणि तो तेथें सांपडला. मग सोनें न मोडतां विहिरीचा गाळ काढला, आणि ओढ्यावर त्या जागीं दगडमातीचा लहानसा बांध घातला. पाणी अमाप झालें असें नाहीं. पण पुढल्या वर्षीं तें चैत्रापर्यंत पुरलें, आणि कर्ज फिटण्याच्या वाटेला लागलें.

हाच नियम निरनिराळ्या प्रांतीं निराळें रूप घेतो. तापी-पूर्णेच्या खोऱ्यांत गाळाचे जाड थर आहेत, तेथें पाणी वाळूच्या पदरांत शोधावें लागतें. कोंकणांत एवढा पाऊस पडून वैशाखांत हंडे घेऊन फिरावें लागतें, याचें एक कारण जांभा छिद्रमय असल्यामुळें पावसाचें पाणी त्यांतून लवकर झिरपून निघून जातें. म्हणून शेजाऱ्याला पाणी लागलें एवढ्यावरून आपल्याला लागेलच असें समजूं नये. आणि पैसा जमिनींत घालण्यापूर्वीं जवळची उघडी विहीर, ओढ्याची दरड किंवा रस्त्यासाठीं फोडलेला डोंगर एकदां जाणत्या माणसाबरोबर पाहून यावा. त्याला खर्च येतो तो फक्त एका सकाळचा.

येत्या सुट्टींत घरांतल्या मुलांना आम्ही एक काम सुचवितों. घरांतले सारे दगड मोजावेत : पाटा, सहाण, उंबरठा, फरशी, ओटा, पाटी, देवघरांतले गोटे, मिठाच्या बरणींतलें सैंधवसुद्धां. एका वहींत तीन रकाने आंखावेत. दाणे दिसतात कीं नाहीं, थर दिसतात कीं नाहीं, पापुद्रे सुटतात कीं नाहीं, हें साध्या भिंगानें पाहावें. सुरीचा ओरखडा आणि लिंबाच्या रसाचा थेंब यांची परीक्षा मात्र बाहेरून आणलेल्या तुकड्यांवरच करावी. देवांवर व आजीच्या सहाणेवर करूं नये. जे दगड कोणत्याच रकान्यांत बसत नाहींत त्यांची निराळी यादी करून आमच्याकडे पाठवावी. तिच्यांतल्या निवडक दगडांचा विचार याच सदरांत पुढें केव्हां तरी करूं.